प्रभावतीगुप्ता : ताम्रपटातून गोष्टीकडे (इतिहास आणि मराठी यांचा एकत्र पाठ)



ऐतिहासिक कथा लिहा म्हटलं की मुलं काय लिहितात, हे आपल्याला माहीत आहे. राणी घोड्यावर बसते, तलवार उपसते, शत्रूला ललकारते आणि जिंकते. नाव बदललं तरी गोष्ट तीच. मोबाईलवर येणाऱ्या 'आपला गौरवशाली इतिहास' छापाच्या मजकुरातही हेच चाललेलं असतं. वाईट याचं वाटतं, की त्यात ती खरी बाई कुठेच सापडत नाही.

म्हणून या पाठात आपण एक अशी राणी घेऊ, जिच्याबद्दल पुरावे मोजके आहेत, पण जे आहेत ते अगदी पक्के आहेत. शिवाय ती आपल्याच भागातली. हिंगणीच्या मुलांनी तिच्यावर गोष्ट लिहायची, पण एका अटीवर: गोष्टीतलं कोणतं वाक्य पुराव्याचं, कोणतं तर्काचं आणि कोणतं मनचं, हे प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे.

ही राणी कोण?

प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा आणि नागकुळातली राणी कुबेरनागा यांची मुलगी. तिचं लग्न विदर्भातल्या वाकाटक राजा रुद्रसेन दुसरा याच्याशी झालं. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. रुद्रसेन लवकर गेला. मुलं लहान होती. तेव्हा राज्याचा कारभार प्रभावतीनं हातात घेतला आणि तेरा वर्षांहून कमी नाही इतका काळ तो चालवला. हा काळ साधारण चौथ्या शतकाची अखेर आणि पाचव्या शतकाची सुरुवात. म्हणजे आजपासून सोळाशे वर्षांपूर्वीचा.

बहुतेक पुस्तकांत तिचं नाव एका वाक्यात येतं: 'चंद्रगुप्तानं आपली मुलगी वाकाटकांना देऊन संबंध जोडले.' हे वाक्य फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, या वाक्यातला कर्ता कोण? चंद्रगुप्त. मुलगी इथं कर्म आहे. आता आपल्याला असं वाक्य शोधायचंय, ज्यात ती स्वतः कर्ता आहे. ते वाक्य ताम्रपटात आहे.

ताम्रपट काय सांगतो?

तिचे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत. एक पुण्यात मिळाला म्हणून 'पुणे ताम्रपट'. दुसरा अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. हेच ते महानुभाव पंथाचं रिद्धपूर, जिथं आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय.

पुणे ताम्रपट मिळाला पुण्यात, पण तो निघाला होता नंदिवर्धनहून, तेराव्या वर्षी. त्यात कार्तिक शुद्ध द्वादशीला दंगुण नावाचं गाव आचार्य चनालस्वामी यांना दान दिल्याची नोंद आहे. वर्गात सांगण्यासारख्या गोष्टी अशा:

१. ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची आई आणि रुद्रसेनाची पट्टराणी म्हणते. पण वंशावळ मात्र सासरची देत नाही, माहेरच्या गुप्तांची देते. गोत्रही माहेरचंच, धारण. सोळाशे वर्षांपूर्वीची एक विधवा राणी सरकारी कागदावर (खरं तर सरकारी तांब्यावर!) माहेरचं नाव ठेवते, हे ऐकून मुली नक्की प्रश्न विचारतात. विचारू द्या.

२. आज्ञा सुरू कशी होते? दंगुणच्या ब्राह्मण आणि इतर गावकरी कुटुंबांचं आधी कुशल विचारून, मग आज्ञा. हेच आपलं वाक्य. इथं कर्ता प्रभावती आहे.

३. गावाला सवलती दिल्या आहेत. सैनिकांनी गावात शिरायचं नाही. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी जनावरांचा चारा, बसायला कातडी आणि कोळसा गावानं पुरवायचा नाही. फुलं आणि दूधही मागायचं नाही.

४. अक्षरं कोरणाऱ्याचं नाव चक्रदास. त्याच्याबद्दल ताम्रपटात एवढंच.

तिसऱ्या मुद्द्यावर जास्त वेळ द्या. जे 'द्यायचं नाही' असं लिहून द्यावं लागतं, ते एरवी द्यावं लागत असणार. म्हणजे त्या काळच्या इतर गावांत काय काय मागितलं जात होतं, त्याची ही उलटी यादीच झाली. मुलांना हा तर्क स्वतः करू द्या. दोन मिनिटं शांतता राहील, मग कुणीतरी बोलेलच.

आणि दुसरी बाजूही सांगा. गाव दान दिलं म्हणजे गावकऱ्यांच्या माना मोकळ्या झाल्या, असं नाही. राजाला जायचं ते उत्पन्न आता दान घेणाऱ्याला जाणार. गावकऱ्यांचं कुशल विचारलं, पण संमती विचारल्याचं ताम्रपटात नाही. राणीबद्दल आदर ठेवूनही हा प्रश्न विचारता येतो, हे मुलांना कळणं महत्त्वाचं.

यात अलीकडची भर म्हणजे नगरधनचं उत्खनन. २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागानं तिथं काम केलं. त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. अंडाकृती, वर शंख, ब्राह्मी अक्षरं, वजन ६.४० ग्रॅम. दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी जड. वर्गात नाणं हातात द्या आणि म्हणा, साधारण एवढ्या वजनाच्या मातीनं तिचं नाव सोळाशे वर्षं सांभाळलं.

दंगुण म्हणजे आपली हिंगणी का?

हा प्रश्न हिंगणीत येणारच. नाव कानाला जवळचं वाटतं. मग उत्तर शोधायचं कसं?

वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख संपादित केले. त्यांनी दंगुण म्हणजे हिंगणघाट असं ठरवलं. पण त्यांचा आधार निव्वळ नावाचा नव्हता. ताम्रपटात दंगुण 'सुप्रतिष्ठ' नावाच्या आहारात, म्हणजे तेव्हाच्या एका प्रशासकीय विभागात असल्याचं लिहिलंय, आणि चारी दिशांच्या गावांची नावंही दिली आहेत. प्रभावतीचा मुलगा प्रवरसेन दुसरा याचा एक ताम्रपट हिंगणघाटजवळच्या जांब इथं मिळाला. त्यातही सुप्रतिष्ठ आहार येतो. उमा नदी येते, चिंचापल्ली येते, मण्डुकीग्राम येतं. मण्डुकीग्राम म्हणजे आजचं मांडगाव, असं मानलं जातं. असे धागे जुळले की मग गाव ठरतं.

आपली हिंगणी सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या बाजूला. हिंगणघाट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. हिंगणी, हिंगणे, हिंगणगाव अशी नावं महाराष्ट्रात जागोजागी आहेत. तेव्हा नाव सारखं वाटलं म्हणून गाव तेच ठरत नाही. मुलांचा हिरमोड होईल, होऊ द्या. 'आपल्या गावात राणी आली होती' असं ठोकून देणं सोपं आहे. पण 'राणीनं आज्ञा दिली ते गाव आपल्याच जिल्ह्यात होतं, आणि ते कसं ओळखलं हे मला माहीत आहे' असं मुलगा सांगू लागला, तर त्याचा अभिमान कुणी खोडू शकत नाही.

सहलीसाठी पवनार जवळ आहे. प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनार, असं मिराशींचं मत. रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासक मनसरकडे बोट दाखवतात. धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमात खोदताना मिळालेली जुनी शिल्पं आहेत. त्यातलं राम-भरत भेटीचं शिल्प मुलांना नक्की दाखवा, आणि दोन्ही मतंही सांगा. विद्वानांचं एकमत नसतं तेव्हा काय करायचं, हाही एक धडाच आहे.

इंग्लंडमधली तशीच एक लेक

ऐतिहासिक कादंबरीकार अशा राणीचं काय करतात, हे पाहायला एक परदेशी उदाहरण घेऊ. प्रभावतीनंतर सुमारे पाचशे वर्षांनी, इंग्लंडमध्ये अँग्लो-सॅक्सन काळात एथेलफ्लेड नावाची राणी होऊन गेली. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याची ही मुलगी. तिचं लग्न शेजारच्या मर्सियाचा शासक एथेलरेड याच्याशी झालं. तो ९११ मध्ये वारला आणि कारभार तिच्याकडे आला. लोक तिला 'मर्सियाची स्वामिनी' म्हणत. तिनं डॅनिश आक्रमकांविरुद्ध एकामागून एक तटबंदीची ठाणी बांधली. ९१७ मध्ये डर्बी घेतलं, ९१८ मध्ये लेस्टर न लढता ताब्यात आलं. त्याच वर्षी १२ जूनला टॅमवर्थ इथं ती वारली. तिच्यामागून मुलगी एल्फविन हिच्याकडे सत्ता आली, पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात मामा एडवर्डनं तिच्या हातून ती काढून घेतली आणि तिला वेसेक्सला नेलं.

बलाढ्य बापाची लेक, शेजारच्या घराण्यात दिलेली, नवऱ्यामागं राज्य चालवणारी. साम्य मुलांना लगेच दिसेल. फरकही दाखवा. एथेलफ्लेडची ठाणी आणि लढाया नोंदल्या गेल्या, कारण मर्सियात तशी एक नोंदवही ठेवली गेली. तिच्या भावाच्या राज्यातल्या इतिवृत्तात तिचा उल्लेख नावापुरताच आहे. नोंद कुणी ठेवली, यावर कोण लक्षात राहतं हे ठरतं. प्रभावतीची नोंद तर तिनं स्वतःच काढलेल्या आज्ञेत उरली आहे.

बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकारानं त्या काळावर मोठी कादंबरीमाला लिहिली. त्यात एथेलफ्लेड आहे, आणि तिच्या सोबत उट्रेड नावाचा काल्पनिक योद्धा आहे. त्यांचं प्रेम, संवाद, सगळं लेखकाचं. पण कादंबरीच्या शेवटी तो एक टिपण देतो: इतिहास इतका, माझी भर इतकी. आपल्या मुलांनी नेमकं हेच शिकायचं. कल्पना करायला हरकत नाही, पण ती पुराव्याच्या नावावर खपवायची नाही.

उपक्रम : तीन रंगांची गोष्ट

मुलांनी दीड-दोन पानांची गोष्ट लिहायची. मग प्रत्येक वाक्याखाली रेघ मारायची. पुरावा असेल तर निळी. पुराव्यावरून काढलेला तर्क असेल तर हिरवी. निव्वळ कल्पना असेल तर लाल. शेवटी चार ओळींचं 'लेखकाचं टिपण'.

नमुन्यासाठी एक छोटी गोष्ट देतो.

*वडाखाली गाव जमलं होतं. कार्तिक सरत आला होता, ज्वारी पोटरीत आली होती. नंदा आजीच्या मागे उभी होती. तिच्या हाताचे तळवे अजून काळे होते. मागच्या पंधरवड्यात अधिकारी येऊन गेले, तेव्हा चार टोपल्या कोळसा तिच्या घरातून गेला होता. गवताचे भारे वेगळेच.*

*नंदिवर्धनहून आलेल्या माणसानं ताम्रपट उघडला. दोन पत्रे, एका कडीत ओवलेले. वाचलेलं संस्कृत नंदाला कळलं नाही. मग तो गावाच्या भाषेत सांगू लागला. "आधी तुमचं सगळ्यांचं कुशल विचारलं आहे."*

*"कुणी?" आजीनं विचारलं.*

*"युवराजांच्या आईनं. प्रभावतीगुप्तेनं."*

*"आणि पुढे?"*

*"पुढे सैनिक गावात येणार नाहीत. चारा, कातडी, कोळसा मागणार नाहीत. दूध, फुलं मागणार नाहीत."*

*नंदानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं.*

*"आणि धान्याचा वाटा?" मागून कुणीतरी विचारलं.*

*"तो आता आचार्य चनालस्वामींना द्यायचा."*

*कुणी काही बोललं नाही. आजी हळूच म्हणाली, "वाटा तर द्यायचाच आहे. पण रात्री दार वाजणार नाही, हेही काही थोडं नाही."*

*परतताना नंदानं विचारलं, "आजी, तिला आपलं गाव कसं ठाऊक?" आजी म्हणाली, "चारी दिशांची गावं लिहिली आहेत म्हणे त्यात. ठाऊक असल्याशिवाय कोण लिहील?"*

लेखकाचं टिपण : कुशल विचारणं, सवलती, चनालस्वामी, चारी दिशांची गावं हे ताम्रपटातलं (निळं). इतर वेळी कोळसा आणि चारा न्यायचे, उत्पन्न आचार्यांना जाणार, लोकांना समजावं म्हणून कुणी त्यांच्या भाषेत सांगितलं असेल, हा तर्क (हिरवं). नंदा, आजी, वड, रात्री वाजणारं दार हे माझं (लाल).

लक्षात घ्या, या गोष्टीत राणी स्वतः एकदाही दिसत नाही. तरी ती राज्य करते आहे हे कळतं. मुलांना सांगा, तलवार नसलेली सत्ताही सत्ताच असते. एका आज्ञेनं एका घरातला कोळसा वाचतो, तोही राज्यकारभारच.

लिहिताना पडणारे खड्डे

पिकं आणि जेवण : त्या काळी आपल्याकडे मिरची नव्हती, बटाटा नव्हता, मका नव्हता, भुईमूगही नव्हता. हे सगळं अमेरिका खंडातून फार नंतर आलं. सोयाबीनची शेतं आणि संत्र्याच्या बागाही गोष्टीत नकोत. वर्धा जिल्ह्यातल्या मुलांना सोयाबीनशिवाय शेत डोळ्यांपुढे आणायला सांगा, छान चर्चा होते.

शब्द : हुकूम, फौज, दरबार, सरदार, मुजरा हे शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आले, प्रभावतीच्या कितीतरी शतकांनंतर. पात्रांच्या तोंडी आज्ञा, सैन्य, सभा, अधिकारी, नमस्कार असे शब्द द्या. 'मासाहेब' तर नकोच! निवेदन आजच्या मराठीत चालेल.

भाषा : दानपत्राची भाषा संस्कृत, लोकांची बोली प्राकृत. प्रवरसेन दुसरा यानं 'सेतुबंध' हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात रचलं असं मानतात. त्याच प्राकृताशी आपल्या मराठीचं नातं आहे. म्हणजे नंदाच्या आजीची बोली आपल्याला पूर्ण परकी नाही.

तुटलेला पुरावा : रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरात एक शिलालेख आहे, पण बराच फुटलेला. प्रभावतीच्या मुलीनं आईच्या स्मरणार्थ काही बांधल्याचं त्यावरून अभ्यासक सांगतात. मोठ्या वर्गातल्या मुलांना हा विषय द्या. ओळी तुटल्या आहेत तिथं आई गेल्यानंतरची ती लेक काय म्हणाली असेल? इथं लाल रेघ जास्त येईल, येऊ द्या. ती लाल आहे हे माहीत असलं म्हणजे झालं.

तपासताना

शुद्धलेखनाआधी रेघा पाहा. निळ्या रेघेखालची कल्पना सापडली, तर खोडू नका, नुसतं विचारा: 'हे कुठं लिहिलंय?' रंग बदलणं ही चूक सुधारणं नसून शिकणं आहे. एकही लाल रेघ नसेल, तर तो निबंध झाला, गोष्ट नाही. एकही निळी नसेल, तर त्या राणीचं नाव वापरायचा आपल्याला अधिकार नाही.

पालकांसाठी एकच विनंती. घरच्या मोबाईलवर इतिहासाचा एखादा मजकूर आला, की मुलांना हाक मारा आणि त्यालाही तीन रंग लावायला सांगा. कोणतं वाक्य निळं, कोणतं हिरवं, कोणतं लाल? उत्तर येईपर्यंत पुढे पाठवू नका.

चर्चेसाठी प्रश्न

१. प्रभावतीनं माहेरची वंशावळ का दिली असेल? दोन शक्यता लिहा आणि प्रत्येकीचा रंग सांगा.

२. ताम्रपटातल्या सवलतींवरून सवलत नसलेल्या गावाचा एक दिवस लिहा.

३. चक्रदासाबद्दल आपल्याला एक नाव आणि त्याचं काम एवढंच माहीत आहे. त्याला गोष्टीत आणताना काय ठरवावं लागेल?

४. तुमच्या गावाच्या चारी दिशांची गावं लिहा. सोळाशे वर्षांनी कुणाला तुमचं गाव शोधायचं असेल, तर ही यादी पुरेल का?

चौथ्या प्रश्नाची उत्तरं जपून ठेवा. गावाचं नाव बदललं, एखादं शेजारचं गाव धरणाखाली गेलं, तरी चार दिशा लिहिलेल्या असतील तर गाव सापडतं. प्रभावतीच्या कचेरीत हे कुणाला तरी कळत होतं, म्हणून दंगुण आज शोधता आलं.